ठिपकीचं अंडं आणि दगडाची ढाल

एका राज्यात दवंडीशिवाय पान हलत नसे. राजा शिकारीला निघाला की दवंडी, आणि शिकार हातची सुटली तर तिचीही तितक्याच थाटात दवंडी. नवी विहीर खणली, तर भाट तिच्या काठावर उभा राहून दिवसातून तीनदा तिला बजावी, "विहीरबाई, उत्तरेच्या पेठेची तहान भागवण्यासाठी तुझा जन्म आहे!" विहिरीला ते कळे की नाही, देव जाणे. पण पाणी गोड लागे, हे मात्र खरं. लोकच ते अभिमानी. जे करायचं ते छाती पुढे काढून करायचं, आणि सगळ्या जगाला ऐकवून करायचं.

त्या राज्यात पक्षी बोलत. पोपट फार बोलत, कावळे खोटं बोलत आणि कोंबड्या मोजकं बोलत, कारण त्यांना कामं असत.

राजाच्या खुराड्याचा मान गोजराबाईच्या घराण्याकडे होता. सात पिढ्यांचा मान. कोंबडी हातात घेतली, नुसती तोलली, की ती काल काय जेवली आणि उद्या कोणत्या प्रहरी अंडं देईल, हे गोजरा सांगे. ते चुकल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. चुकली असेल तर तिनं ते सांगितलं नव्हतं. कुणी म्हणालं, "अगं, एकदा कोंबडीलाच विचारून बघ की," तर ती फणकाऱ्यानं म्हणे, "कोंबडीला विचारून कोंबड्या पाळायच्या, तर मग सात पिढ्या आम्ही काय केलं?"

या गोजराला एकच लेक, मथू. खुराड्यात तिचं मन रमलं नाही. तिनं ढाल-तलवार घेतली आणि नगराच्या वेशीची राखणदार झाली. आई वरवर कुरकुरली, पण मथू ढाल पाठीला लावून निघाली की दिसेनाशी होईपर्यंत दारात उभी राही.

एके दिवशी भर दुपारी धूम्रकेश नावाचा मांत्रिक मूठभर राख घेऊन वेशीवर आला. ती राख वाऱ्यावर सुटली की सगळं नगर दगड होणार होतं. माणसं, गुरं, पाळण्यातली तान्ही, सगळं. त्यानं मूठ उघडली. मथूनं पाठीची ढाल काढली, उताणी केली, गुडघा टेकला आणि सुपात दाणे झेलावे तशी ती राख ढालीत झेलली. एक कण खाली सांडू दिला नाही.

नगर वाचलं. मथू दगड झाली. गुडघा टेकलेली, दोन्ही हातांत उताणी ढाल धरलेली, अशी ती वेशीतच राहिली. ढालही दगडाची झाली. फक्त डोळे जिवंत राहिले. ते बघत, ते मिटत, ते उघडत.

राख संपली तसा धूम्रकेशाचा जोर संपला. राजा प्रतापमल्लाच्या सैन्यानं त्याचा डोंगर वेढला.

"उतारा सांग," राजा म्हणाला.

"माझ्या कोंबडीच्या अंड्यात आहे," मांत्रिक म्हणाला. "अंड्यातला जीव त्या दगडाला लागला, की दगडाचं माणूस होईल. मुदत नव्वद दिवस. पुढे डोळेही दगड."

"कोंबडी दे."

"घेऊन जा," मांत्रिक म्हणाला, आणि हसला. राजानं त्या हसण्याकडे लक्ष दिलं नाही. विजयाच्या दिवशी असल्या गोष्टींकडे कोण लक्ष देतो?

कोंबडी नगरात आली ती पालखीतून. काळी, अंगभर पांढरे ठिपके, डोळा तेवढा करडा. तिला रंगमहालात सोन्याच्या पिंजऱ्यात ठेवलं. खायला केशरी भात, प्यायला गुलाबपाणी. आणि रिवाजाप्रमाणे तीन त्रिकाळ भाट पिंजऱ्यासमोर उभा राहून गर्जे, "ऐक, हे राजकुक्कुटी! धन्य तू! तुझं अंडं आमच्या वीरकन्येच्या ढालीवर चांदीच्या हातोडीनं फोडलं जाईल! त्यासाठीच तुझा जन्म आहे!" लोक टाळ्या वाजवत. चांदीची हातोडी मखमलीवर ठेवून तिला दाखवत. कोंबडी मान वळवून भिंतीकडे बघत बसे.

गोजरा पहिल्याच दिवशी प्रधान हरपाळांकडे गेली होती. "कोंबडी माझ्याकडे द्या."

"राजकुक्कुटी खुराड्यात?" प्रधानांनी भुवया वर केल्या. "लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणतील या काळजीत महिना गेला. अंडं काही आलं नाही. तेव्हा राजानं गोजराला दरबारात बोलावलं.

"गोजराबाई, ही अंडं देईल?"

"कोंबडी आहे महाराज. अंडं देईल. नाही दिलं तर खुराड्याचा मान खाली ठेवीन."

दरबार वा वा म्हणाला. गोजरानं मात्र अजून कोंबडीला हातही लावला नव्हता. आपल्या कसबाचा तोरा असा असतो, आधी पैज आणि मग पारख. घरी आणून तिनं कोंबडी तोलली. हाताला काहीच कळेना. वजन ठीक, पिसं ठीक, तुरा लाल. उबवणीला खुडूक बसलेली नाही, आजारी नाही, म्हातारी नाही. सात पिढ्यांचा हात मुका झाला होता.

नगरात असली की ती रोज वेशीत जाऊन लेकीचा दगडी चेहरा ओल्या फडक्यानं पुसे. "होईल गं," म्हणे. मथू एकदा पापणी मिटे. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, असं मायलेकींचं ठरलं होतं.

गोजरानं कोंबडीचं नाव ठिपकी ठेवलं आणि कामाला लागली.

आधी तिला वाटलं, हिच्या अंगात चुना कमी आहे. चुन्याशिवाय कवच कसं धरेल? शिंपले कुटून घालायला हवेत, आणि मांत्रिकाच्या कोंबडीला साधे शिंपले कसे पुरणार? सात दिवस चालून ती दुधी तळ्यावर गेली. तळ्याचं पाणी दुधासारखं पांढरं, आणि काठाला सात हात लांबीची सुसर.

"कोण?" सुसरीनं विचारलं.

"मथूची आई."

सुसर बाजूला झाली. "राख झेलणारीची आई. हवे तेवढे घे," ती म्हणाली. गोजरानं ओटीभर शिंपले आणले, कुटले, कण्यांत कालवून घातले. ठिपकीनं ते खाल्ले. अंडं नाही.

मग तिला वाटलं, अंडं होतंय, पण कुणीतरी गिळतंय. ती पूर्वेच्या वारुळावर गेली. आत नागराजा वेटोळं घालून बसला होता.

"कोण?"

"मथूची आई. माझ्या खुराड्यातलं अंडं तू खाल्लंस?"

नागानं फणा खाली केला. "बाई, त्या राखेनं माझी बिळातली पिल्लंही दगड झाली असती. तिच्या घरचं अंडं मी खाईन? तुमच्या खुराड्यात अंडंच नाही. मी वासानं सांगतो."

गोजरा परतली ती दुःखी, पण मान ताठ. लेकीचं नाव सुसरीला ठाऊक, सापाला ठाऊक. आईनं आणखी काय मागावं? मागायचं होतं ते एवढंच, की ती लेक परत घरी जेवायला यावी.

उरला तिसरा उपाय. कोंबडी नवी असली की तिला जुनी माती आठवते. जिथं ती उकरत होती, जिथं धुळीत न्हात होती, तिथली पाटीभर माती आणून टाकली की जीव लागतो. हे सात पिढ्यांचं शहाणपण. गोजरा पाटी घेऊन धूम्रकेशाच्या डोंगरावर चढली. मांत्रिक अंगणात बसला होता, रिकाम्या हातांनी.

"मी मथूची आई," ती म्हणाली. "पाटीभर माती हवी."

तो बाजूला झाला नाही. बसल्या जागेवरून म्हणाला, "ने. माती नेशील. अंडं नेणार नाहीस."

गोजरा माती भरू लागली आणि तिचे हात थांबले. अंगणात राखेचा खड्डा होता. त्याच्या काठाला अर्धवट जळलेली कवचं पडली होती. शेकड्यांनी. तिनं एक उचललं, दुसरं उचललं, दहा उचलली. पिल्लू बाहेर येतं तेव्हा कवचाची टोपी काढल्यासारखी गोल निघते, आतली पातळ साल कोरडी असते. इथलं एकही कवच तसं नव्हतं. सगळी मधोमध ठेचलेली. सगळी वरून फोडलेली. तिनं अंगणभर नजर फिरवली. पिल्लाच्या नखाची एक रेघ कुठे दिसली नाही.

पाटी तिथंच टाकून ती निघाली. वाटभर स्वतःला बोल लावत आली. सात पिढ्यांचा हात कोंबडीचं वजन सांगतो, पण तिच्या मनातलं त्याला काय कळणार? जे विचारायचं ते तिनं आजवर तोऱ्यापायी विचारलंच नव्हतं.

घरी आली तर भाट खुराड्यासमोर गर्जत होता, "चांदीच्या हातोडीनं फोडलं जाईल!" गोजरानं त्याला दंडाला धरून कुंपणाबाहेर काढलं. मग ठिपकीसमोर जमिनीवर बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोंबडीला विचारलं.

"बाई, तू अंडं का देत नाहीस?"

ठिपकीनं मान वळवली. "फोडायला देऊ?"

गोजराला ती ठेचलेली कवचं आठवली.

"तीनशे दिली," कोंबडी म्हणाली. "एकही उबवू दिलं नाही त्यानं. फोडी, कवचं जाळी, त्या राखेचे शाप करी. सात वर्षांपूर्वी मी अंडं देणं बंद केलं. मारलं, उपाशी ठेवलं, दिलं नाही. त्याच्याकडे शेवटची एक मूठ राख उरली होती."

"ती माझ्या लेकीनं झेलली."

"ऐकलं मी. तुमचा भाट रोज सांगतो. पुढचंही सांगतो."

गोजराच्या मनात पाप आलं, ते कशाला लपवा? वचन द्यावं, अंडं घ्यावं आणि फोडावं. कोंबडीला दिलेलं वचन कोण विचारतो? सव्वीस दिवस उरले होते, आणि वेशीत लेक होती. पण समोर बसलेल्या या एवढ्याशा जिवानं सात वर्षं मार खाऊन एका मांत्रिकाची जादू बंद पाडली होती, आणि त्याची दवंडी कुणी पिटली नव्हती. गोजराला तिच्याबद्दल असा अभिमान वाटला की पाप आपोआप मागे सरलं.

"तुझं अंडं कुणी फोडणार नाही," ती म्हणाली. "तू उबव. पिल्लू काढ. माझ्या जिभेला हाड आहे."

"आणि तुझी लेक?"

"अंड्यातला जीव दगडाला लागला पाहिजे, एवढंच तो म्हणाला. हातोडी आमच्या दरबाराची. ताज्या अंड्यात जीव तो केवढा? पिल्लू बाहेर येईल तेव्हा तो पुरा होईल. तू माझ्या लेकीच्या ढालीत बस."

"आणि तसं झालं नाही तर?"

"तर तुझं पिल्लू तुला. वचनाला 'तर' नसतो."

ठिपकीनं करडा डोळा तिच्यावर रोखला. मग म्हणाली, "कोंबडा आहे का तुझ्याकडे? का नुसतीच बोलतेस?"

गोजरानं कपाळाला हात लावला. महिनाभर रंगमहालात केशर चारलं, आणि इतक्या शहाण्यांपैकी एकालाही कोंबडा आठवला नव्हता! तिनं आपला तुरेबाज, लाल पंखांचा कोंबडा आणून सोडला. त्या लग्नाची दवंडी झाली नाही. त्या राज्यातलं पहिलंच गुपचूप लग्न ते.

चौथ्या दिवशी गोजरा ठिपकीला घेऊन वेशीत गेली. दगडी ढालीत तिनं पेंढा अंथरला. ठिपकी आत शिरली, गोल फिरली, बसली. थोड्या वेळानं उठली तेव्हा खाली अंडं होतं. मोठं, तांबूस, गरम. बावीस दिवस उरले होते, आणि उबवायला एकवीस लागतात.

बातमी कळायला त्या राज्यात वेळ लागत नसे. राजा आला, दरबार आला, मखमलीवर हातोडी आली.

"फोडा," प्रधान हरपाळ म्हणाले.

गोजरा ढालीपुढे उभी राहिली. "नाही. हे उबवायचं आहे. मी वचन दिलंय."

"कोंबडीला?"

"आईला."

"बाई, पोरीचे दिवस मोजके आहेत. एका ठोक्याचं काम!"

"ठोक्याचं काम त्या मांत्रिकानं तीनशेदा केलं. आपण तेच करायचं?"

राजा पुढे आला. त्याचा आवाज हळू होता. "गोजराबाई, पिल्लू निघालं आणि काहीच झालं नाही, तर तुमची लेक कायमची दगड होईल. तुम्हाला हे समजतंय?"

तिनं वळून लेकीच्या डोळ्यांत पाहिलं. "मथू, दगड तू आहेस. तू सांग. फोडू?"

मथूच्या पापण्या मिटल्या. उघडल्या. पुन्हा मिटल्या.

दोनदा. राजानं ते पाहिलं, आणि मुकुट काढून हातात घेतला. "हातोडी परत न्या," तो म्हणाला. "आणि पिल्लू निघेपर्यंत या राज्यात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही."

मग त्या नगरानं जे केलं ते कधी केलं नव्हतं. गप्प बसलं. नगारे पालथे घातले. टांगेवाल्यांनी घोड्यांच्या खुरांना चिंध्या बांधल्या. वेशीतून जाणारा चपला हातात घेऊन जाई. भाटाला सगळ्यांत जड गेलं. तो तोंडात सुपारी धरून हिंडे. गोजरा ढालीजवळून हलली नाही. ठिपकी दिवसातून एकदा दाणे टिपायला उतरे, तेवढा वेळ ती अंड्यावर आपला पदर धरी.

विसावा दिवस गेला. एकविसाव्या दिवशी सकाळी अंड्याला बारीक भोक पडलं. आतून चोच दिसली, चिव आवाज आला, आणि मग काहीच नाही. दुपार झाली. संध्याकाळ झाली. भोक तेवढंच. मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला, आणि गोजरानं लेकीच्या डोळ्यांत पाहिलं. कडेनं करडा रंग चढत होता. बुबुळाभोवती दगडाची बारीक किनार आली होती.

"नखानं साल काढा जरा," प्रधान कुजबुजले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "पिल्लाला मदतच होईल ती."

"नाही होणार," गोजरा म्हणाली. "आत रक्त असतं. आपण सोललं की मरतं. त्याचं त्यालाच यावं लागतं."

तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एकात एक घट्ट धरले. एका नखाचं अंतर होतं. तिचं सगळं आयुष्य त्या नखात आलं होतं, आणि ती हलली नाही. करडा रंग पसरत गेला. मथूचा डावा डोळा मिटला तो उघडेना.

तेव्हा अंडं हललं. भोकापासून चीर निघाली, गोल फिरली, आणि टोपी काढल्यासारखं कवच बाजूला झालं. ओलं, गोळा झालेलं, कुरूप असं पिल्लू पेंढ्यावरून घसरलं आणि त्याचा उघडा पाय ढालीच्या दगडाला लागला.

ढालीला रंग आला. आधी पितळेची कड, मग चामडं. मग बोटं, मनगटं, दंड. वाळकी माती गळावी तसा दगड गळून पडला. मथूनं श्वास घेतला. डावा डोळा उघडला.

लोकांचा आवाज घशाशी आला होता. भाटानं तोंडातली सुपारी थुंकली आणि छाती भरून घेतली. नव्वद दिवस मथूच्या अंगाला कळ नव्हती. ती आता सगळी एकदम आली. खांदे थरथरू लागले, गुडघा कापू लागला. गोजरा ढाल धरायला पुढे धावली.

"आई, थांब," मथू म्हणाली. तिचा आवाज घोगरा होता. "हलवू नको. पिल्लू अजून ओलं आहे."

आणि तिनं ढाल तशीच धरून ठेवली. ठिपकी पिल्लावर बसली. भाटानं भरून घेतलेला श्वास हळूच सोडून दिला. राजा उभा होता म्हणून प्रधान उभे राहिले, प्रधान उभे होते म्हणून दरबार, आणि ऊन उतरेपर्यंत सगळं नगर त्या पोरीबरोबर चिडीचूप उभं राहिलं. कुणी बसलं नाही. गोजरा लेकीकडे बघत होती. हिला जन्म आपण दिला, हे तिला त्या वेळी खरं वाटेना, इतका अभिमान वाटत होता.

पिल्लू वाळलं. पिवळं धम्मक झालं. ठिपकी त्याला घेऊन ढालीतून उतरली, दोन पावलं चालली आणि वळून म्हणाली, "आता बोला हवं तेवढं."

तेव्हा नगरानं जो जयजयकार केला, तो धूम्रकेशानं डोंगरावर ऐकला आणि तो कायमचा परमुलखात निघून गेला. पण मायलेकींनी तो नीट ऐकला नाही. मथूनं ढाल खाली ठेवली होती, आणि गोजरानं तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले होते. लेकीचे हात गरम होते.

त्यांचे दिवस फिरले तसे ऐकणाऱ्यांचे फिरोत, आणि ज्याचं त्याचं पिल्लू ज्याच्या त्याच्या दारात खेळो.